जळूअण्णाची लेक

१

मंगळवारी सकाळी शेषेराव मशीनवाला ओला कागद चिमटीत धरून माझ्या टेबलापाशी आला आणि म्हणाला, "बाई, आपल्या अंकात कोनतरी शिरलंय."

"उंदीर का?" मी मान वर न करता विचारलं. दिवाळी अंकाच्या दिवसांत आमच्या छापखान्यात उंदीरसुद्धा वाढतात.

"उंदीर न्हाई. पोरगी."

आमचा छापखाना लातूरचा. लातूर जिल्हा झाला त्याच वर्षी रेणुकादासरावांनी 'चिंचोका' नावाचं मुलांचं मासिक काढलं. त्याला आता चार वर्षं झाली. मालक तेच, संपादक तेच, आणि चित्रकथाही तेच लिहायचे. चित्रं वीरण्णाची. नव्या जिल्ह्याच्या नव्या कचेऱ्यांच्या पाट्या रंगवून उरलेल्या वेळात तो आमची पानं काढायचा. मी प्रमोदिनी, शाळेतून निवृत्त झालेली मराठीची बाई. मुद्रितं तपासायची आणि लोकांवर खेकसायचं, ही माझी दोन कामं.

मासिकात तीन वीर होते. फौजदार ढेकळे चोर शोधता शोधता स्वतःलाच अटक करायचा. बिजलीबाई करंट असेपर्यंत उडायची आणि लाइट गेले की धपकन पडायची. हंडावीर डोक्यावर हंडा घालून लढायचा, त्यामुळे त्याला समोरचं काही दिसायचं नाही. तिघांचा मिळून एकच वैरी, जळूअण्णा. तो विहिरीला तोंड लावायचा आणि तळापर्यंत पिऊन टाकायचा. नळाला आठव्या दिवशी पाणी येणाऱ्या गावात असल्या खलनायकाला पोरांनी किती शिव्या दिल्या असतील, ते सांगायला नको. गेल्या दिवाळीत तिघांनी मिळून त्याला कोरड्या विहिरीत लोटलं. या दिवाळीत तिन्ही वीरांचा महामेळा भरायचा होता आणि शेवटच्या पानावर जिलेबीची पंगत होती.

शेषेरावाच्या कागदावर पंगत नव्हती. तिन्ही वीर एकाच दोरानं नळाच्या पाइपाला बांधलेले. त्यांच्यापुढं दोन वेण्यांची एक मुलगी, खांद्यावर पाण्याचा व्हॉल्व्ह फिरवायची लांब चावी. पाइपातून पाणी धो धो घागरीत पडतंय. जळूअण्णाची तसलीच चावी असायची, म्हणजे ही त्याची लेक, सूड घ्यायला आलेली. तिच्या तोंडाशी बोलण्याचा फुगा होता आणि फुगा कोरा होता.

"किती छापल्या?"

"साडेतीनशे." शेषेराव खाली बघत म्हणाला. "मी शाई बगतो बाई, चित्र बगत न्हाई."

२

वीरण्णा आला आणि पान बघून त्याच्या अंगाचा तिळपापड झाला.

"हे माझं न्हाई! हंडावीरच्या मिशा बगा. दोन सालं झाली मी त्या उडवून. आन् ढेकळ्याची टोपी? असली टोपी मी पयल्या साली काढत होतो. कुनीतरी माझं पान काढून हे घुसवलंय. कुनी, ते का सांगाया पायजे?" त्यानं बांधणीच्या खोलीकडं बोट केलं. "जळूअण्णाच्या पोरीनं!"

खोलीत गौरम्मा अंक चिकटवायची खळ ढवळत होती. तिचा हात थांबला.

आता खरं काय ते सांगायला हवं. जळूअण्णाला चेहरा होता, तो शंकरप्पाचा. शंकरप्पा गावात पाणी सोडायचा. दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात लोकांनी त्याला पहाटे, पाण्याची पाळी नसताना, रेणुकादासरावांच्या गल्लीत पकडलं. कोपऱ्यावरच्या सार्वजनिक नळाखाली जमीन ओली होती आणि त्याच्या खिशात त्याच नळाची पितळी तोटी होती. पाणीही विकतो आणि तोट्याही विकतो, असं गावानं ठरवून टाकलं. तो एक शब्द बोलला नाही. नोकरी गेली. पुढच्याच महिन्यात जळूअण्णा 'चिंचोका'त अवतरला, शंकरप्पाचं नाक, शंकरप्पाच्या भुवया आणि खांद्यावर चावी घेऊन. पोरं रस्त्यात त्याच्या मागं 'जळूअण्णा, जळूअण्णा' करत धावायला लागली. एक दिवस तो गाव सोडून उमरीला बहिणीकडं गेला. गौरम्मा त्याची एकुलती एक मुलगी. वर्षापूर्वी ती आमच्याकडं बांधणीला लागली.

"नांदेडला ब्लॉक करायला पानं कुनी नेली? हिनंच," वीरण्णा म्हणाला. "मालक, शुक्रवारी बांधनी हाय. तवर हिला काढा, न्हाईतर मी चाललो. आन् मी गावात सांगनार, चोराची पोर चोर निघाली म्हनून."

रेणुकादासराव दारात उभे होते. पांढरं धोतर, चैत्रात आई गेल्यापासून आणखीच हळू झालेला आवाज. "जाऊ द्या ना वीरण्णा," ते म्हणाले. "आहे तसं छापून टाकू. मुलांना गंमत वाटेल."

"आन् हिचं काय?"

रेणुकादासरावांनी चष्मा काढून धोतराला पुसायला घेतला. मला त्यांचा रागच आला. मालक माणसानं अशा वेळी मूग गिळून बसायचं?

"शुक्रवारपर्यंत कुणी कुणाला काढायचं नाही," मी म्हटलं. "मी बघते."

३

पहिला प्रश्न माझ्यापुरताच होता. एवढं पान बदललं, ते माझ्या नजरेतून सुटलं कसं?

शेषेरावानं कपाळावर हात मारला. "बाई, ज्या पानावर अक्षरं असत्यात त्येच मी तुमच्याकडं धाडतो. ह्याच्यावर अक्षरच न्हाई. मग प्रूफ कशाला काढू?"

म्हणजे ज्यानं हे केलं, त्याला आमची ही रीत ठाऊक होती. बाहेरचा माणूस बाद झाला. पानं वीरण्णानं काढली, रेणुकादासरावांनी घरी नेऊन पुडकं बांधलं, गौरम्मानं नांदेडला नेलं, चार दिवसांनी त्यांचे जस्ताचे ठसे, म्हणजे ब्लॉक, घेऊन आली आणि शेषेरावानं मशीनवर चढवले. एवढीच माणसं.

मी बांधणीच्या खोलीत गेले. गौरम्मा चोवीस-पंचवीस वर्षांची असेल. ती बसायला सांगत नाही, सरळ पाट पुढं सरकवते.

"तू केलंस?"

"न्हाई."

"करावंसं वाटलं होतं?"

तिनं खळीचं पातेलं खाली ठेवलं. "बाई, खोटं कशाला बोलू? मी सूड घ्यायलाच आले होते हितं. वाटलं, ही चित्रं कोन काढतंय ते बगावं आन् एक दिवस समदी पानं चुलीत घालावी. काडेपेटी घिऊन आले होते पयल्या दिवशी."

"मग?"

"मग काय. मालकानी इचारलं, कोनाची तू? म्या सांगितलं, शंकरप्पाची. ते लई येळ गप बसले आन् म्हनले, उद्यापासून ये. मला वाटलं, चांगला मानूस हाय. तवापासून बांधून राहिले. अप्पाच्याच तोंडाचे अंक, माज्याच हातानं." तिनं हात पदराला पुसले. "बाई, आता वीरण्णा गावभर करील, चोराची पोर चोर. उमरीला अप्पाच्या कानावर ग्येलं, तर त्यो जगायचा न्हाई. दिवाळीला घरी आनते म्हनून सांगितलंय मी त्याला."

मी तिच्या हातांकडं बघितलं. कीड लागू नये म्हणून खळीत घालतात त्या मोरचुदानं बोटं हिरवट निळी झाली होती. सूड घ्यायला आलेली मुलगी वर्षभर नेकीनं खळ करते, यावर वीरण्णाचा विश्वास बसला नसता. माझा बसावा अशी माझी फार इच्छा होती, पण इच्छेनं काय होतं?

"उद्याच्या पहिल्या गाडीनं नांदेड," मी म्हटलं. "तूही चल."

४

नांदेडच्या ब्लॉकवाल्याकडं मूळ पानं अजून होती. त्यानं शेवटचं काढून दिलं आणि मी ते उजेडात धरलं.

ते कुणी काढलेलंच नव्हतं. चिकटवलेलं होतं. हंडावीर एका अंकातून कापलेला, ढेकळे दुसऱ्यातून, बिजलीबाई तिसऱ्यातून. दोन वेण्यांची मुलगी म्हणजे बिजलीबाईच्या बालपणाच्या गोष्टीतली छोटी बिजली, तिच्या खांद्यावर जळूअण्णाची चावी कापून बसवलेली. फक्त पाइप, पाणी आणि घागर तेवढी पट्टी आणि पेननं काढली होती, तीही कच्च्या हातानं. ज्याला चित्रं येत नाहीत अशा माणसानं पहिल्या वर्षाचे अंक, आणि चावीपुरता एक नंतरचा, कापून हे पान जुळवलं होतं.

मी एक कातरण नखानं उचलून पाहिलं. खाली वाळलेली शितं होती.

"भात!" गौरम्मा म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर चक्क तुच्छता होती. "भातानं कोन चिकटवतं बाई? दोन महिन्यांत कसर खाती ते. मोरचूद घातलेली खळ सोडून कोन असला येडेपना करंल?"

मला हसू आलं. या एका वाक्यावर मी तिला मनातल्या मनात निर्दोष ठरवलं. ज्याच्या हाताला खळीची सवय, त्याला शितं सुचतच नाहीत. आणि शेषेराव नि वीरण्णा दोघांच्या डब्यात मी आजवर भाकरीशिवाय काही पाहिलेलं नाही.

पण एवढ्यानं वीरण्णा ऐकणार नव्हता. कुणी केलं हे नुसतं सांगून भागत नाही, का केलं तेही सांगावं लागतं. माझी नजर पुन्हा पाइपावर गेली. कच्च्या हातानं का होईना, पाणी, घागर, पाइपाचे आटे, सगळं नीट दाखवलं होतं. मग काहीतरी चुकल्यासारखं का दिसत होतं?

पाइपाला तोटीच नव्हती.

"गौरम्मा," मी म्हटलं, "मला तुझ्या अप्पांना भेटायचंय."

५

उमरीच्या गाडीनं मुदखेडला अर्धा तास खाल्ला. पोचलो तेव्हा ऊन उतरत होतं. गौरम्मा बाजारात शेवचिवडा घ्यायला थांबली आणि मी पुढं गेले. एका बोळात गोट्या खेळणाऱ्या पोरांना विचारलं, "शंकरप्पा कुठं राहतात?"

"कोन शंकरप्पा?"

"लातूरचे. दोन वर्षांपूर्वी आलेत."

"हां, जळूअण्णा व्हय!" एक पोरगी आनंदानं म्हणाली. "ते काय, तिसरं दार."

'चिंचोका' उमरीलाही जातो, हे मी विसरले होते. इतकी वर्षं मी त्या अंकातल्या चुका काढत होते, आणि ही चूक माझ्या हाताखालून गेली होती. मी तिथंच क्षणभर उभी राहिले. मान वर करायची लाज वाटली.

शंकरप्पा ओसरीवर बसला होता. कपाळाला भस्म, आणि त्या प्रसिद्ध भुवया आता पांढऱ्या. मी कुठून आले ते सांगितलं. तो उठला, तांब्या घेतला आणि अडला.

"बाई, नळाचं चालतं ना तुमाला?"

"का हो, न चालायला काय झालं?"

"न्हाई, इचारलेलं बरं. तोटीत वायसर चामड्याचं असतंय ना."

मी तांब्याला हात लावता लावता थांबले. चामड्याचा वायसर! माझ्या सासूबाई गेल्या त्याला वीस वर्षं झाली. त्या नळाचं पाणी प्यायच्या नाहीत. तोटीत चामडं असतं, म्हणून सोवळ्यात फक्त विहिरीचं. हे माझ्या घरातल्यांना ठाऊक असणं ठीक. पण पाणी सोडणाऱ्या या माणसाला ते कुणी शिकवलं?

"शंकरप्पा, तुम्ही ती तोटी का काढली होती?"

तो हसला. "झालं की आता त्ये."

"कुणासाठी काढली होती?"

त्यानं तांब्या माझ्यापुढं सरकवला. मग म्हणाला, "शबुद दिलाय बाई. मानूस बी ग्येलं, शबुद ऱ्हायला." एवढ्यात गौरम्मा पिशवी घेऊन आली, आणि तिला बघून त्याचा चेहरा असा उजळला, की पुढं विचारायचा धीर मला झाला नाही.

पाणी मात्र मी पोटभर प्याले.

६

गुरुवारी संध्याकाळी मी सगळ्यांना छापखान्यात बसवलं. वीरण्णा हाताची घडी घालून, शेषेराव स्टुलावर, गौरम्मा दाराशी. रेणुकादासराव आपल्या खुर्चीत. मी मूळ पान टेबलावर ठेवलं.

"हे भातानं चिकटवलंय. जोंधळ्याच्या मुलखात रोज भात शिजणारी घरं थोडी. आपल्यात दोन, माझं आणि आणखी एक. चावी सोडली तर यातली चित्रं पहिल्या वर्षाच्या अंकांतली. वीरण्णा, तुमच्याकडं ते अंक आहेत?"

"वाळवीनं खाल्ले की."

"गौरम्मा तेव्हा इथं नव्हती. शेषेराव चित्र बघत नाही. ते अंक उरलेत फक्त बांधलेल्या फाइलीत, आणि ती फाइल मालकांच्या घरच्या कपाटात आहे."

मी पानावर बोट ठेवलं.

"आता नळाकडं बघा. तोटी नाही. गावाला वाटतं, शंकरप्पानं तोटी विकायला काढली. पण हे चित्र करणाऱ्याला ठाऊक होतं, की तोटी काढल्यावर त्या उघड्या पाइपाखाली घागर भरली जायची. चामड्याचा स्पर्श न झालेलं पाणी. त्या उन्हाळ्यात गल्लीतली विहीर आटली होती आणि कोपऱ्यावरच्या घरातल्या सोवळ्यातल्या म्हातारीला ना टँकरचं चालत होतं, ना नळाचं. ती तशीच तहानलेली राहिली असती, तर—"

"दोन दिवस राहिली होती," रेणुकादासराव म्हणाले.

त्यांचा आवाज इतका हळू होता, की शेषेरावानं मान पुढं काढली.

"आई दोन दिवस पाण्यावाचून होती. ओठ फुटले होते. मी शंकरप्पाच्या पाया पडलो. तो म्हणाला, तोटीच काढतो की. रोज पहाटे दहा मिनिटं यायचा, तोटी काढायचा, आई स्वतः घागर भरायची, तो परत तोटी बसवायचा. एकदा मी त्याला म्हटलं, पंपातसुद्धा चामडं असेल रे. तर म्हणाला, असंल, पन आईला सांगू नगा, पानी सोडंल ती." त्यांनी डोळे पुसले. "म्हणून पकडल्यावरही तो बोलला नाही. बोलला असता तर गावात पंपातल्या चामड्याचीही चर्चा झाली असती, आईच्या कानावर गेली असती आणि तिनं घोट घेतला नसता. त्याची नोकरी गेली. पाऊस पडून विहीर भरली आणि आई आणखी दोन वर्षं जगली. चैत्रात गेली."

"आन् माझं चित्र?" वीरण्णाचा आवाज बदलला होता. "मी त्येचं त्वांड काढून आनलं तवा तुमी बगितलं की. एक शब्द न्हाई बोलले."

"नाही बोललो. म्हटलं, आता नको म्हणालो तर तू कारण विचारशील." ते थांबले. "आई गेल्यावर तर गप्प राहायला काहीच कारण उरलं नव्हतं. तरी जमलं नाही. मग हे पान केलं. निदान ही बघेल, गाव बघेल, कुणी विचारेल."

"आणि कुणी विचारलं तेव्हा?" मी म्हणाले. मला माझा संताप आवरेना. "मंगळवारी वीरण्णानं हिला चोर म्हटलं तेव्हा तुम्ही तिथंच उभे होता. दोन वर्षांपूर्वी बापाला चोर म्हटलं, परवा मुलीला. दोन्ही वेळा तुम्ही दारात उभे."

रेणुकादासरावांनी खाली मान घातली. "हो," ते म्हणाले. "तसंच आहे."

"एक राहिलं," मी म्हटलं. "फुगा. आधी मला वाटलं, मुद्रित माझ्याकडं येऊ नये म्हणून कोरा ठेवला. पण ज्याला सूड घ्यायचा असतो, त्याचं बोलणं आधी तयार असतं. फुगा कोरा तोच ठेवतो, ज्याला स्वतःची शिक्षा ऐकायची असते आणि ती काय असेल ते ठाऊक नसतं."

सगळ्यांनी गौरम्माकडं बघितलं. ती पुढं आली. टेबलावरच्या पानाकडं, त्या दोन वेण्यांच्या पोरीकडं तिनं बराच वेळ पाहिलं.

"शेषेरावकाका," ती म्हणाली, "फुगा कोरून त्यात अक्षरांचे खिळे बशिवता येतील का?"

७

शुक्रवारी शेषेरावानं जस्ताच्या ब्लॉकमधला फुगा कोरून काढला. गौरम्मानं स्वतः खिळे वेचले. वीरण्णा मागं उभा राहून बघत होता. मग त्यानं नुसतं तिच्या बाजूला खिळ्यांचं खोकं सरकवलं, आणि तिनं ते घेतलं.

मुद्रित माझ्याकडं आलं. मी ते तीनदा वाचलं. एकही चूक नव्हती. पाइपाला बांधलेल्या तीन वीरांना ती मुलगी म्हणत होती: 'माझ्या अप्पांचं नाव शंकरप्पा आहे. त्यांना नावानं हाक मारा.'

खाली रेणुकादासरावांनी सगळी हकिकत लिहून सही केली होती. आई, तोटी, पहाट, आपलं गप्प राहणं, सगळं.

"आन् त्या साडेतीनशे छापलेल्या?" शेषेरावानं विचारलं. "रद्दीत घालू?"

"न्हाई," गौरम्मा म्हणाली. "त्यातले फुगे मालक हातानं भरतील. खाली हकिकतबी हातानंच लिवतील."

हाच तिचा सूड. रेणुकादासराव तीन दिवस बसून साडेतीनशे वेळा ते सगळं लिहीत होते. दुसऱ्या दिवशी बोट सुजलं, तेव्हा मी म्हटलं, थोडे मी लिहू का? त्यांनी मान हलवली आणि पुढचा अंक ओढला.

हातानं भरलेले अंक सगळ्यांत आधी उमरीला पाठवायचे, हेही तिनंच ठरवलं. ते गेल्यावर चार दिवसांनी आम्ही गेलो. गौरम्मा अप्पांना दिवाळीला घरी न्यायला, रेणुकादासराव कशासाठी ते त्यांनाच ठाऊक, आणि मी, कारण मला कुणी नको म्हणालं नाही.

बोळात तीच पोरं गोट्या खेळत होती. रेणुकादासराव थांबले. घर त्यांना मी दाखवलं असतं, पण त्यांनी पोरांनाच विचारलं. "बाळांनो, शंकरप्पा कुठं राहतात?"

"शंकरप्पा आजोबा?" ती पोरगी म्हणाली. "ते काय, तिसरं दार."

शंकरप्पा ओसरीवरून उठला. गौरम्मानं त्याच्या हातातली काठी घेतली. त्यानं पाहुण्यांकडं बघितलं, ओळखलं, आणि कुठलाही प्रश्न न विचारता आत जाऊन तांब्या भरून आणला. ओसरीच्या कडेशी येऊन तो गेल्या वेळेसारखाच अडला.

"मालक, नळाचं चालतं का तुमाला?"

रेणुकादासराव खाली वाकले आणि त्यांनी दोन्ही हातांची ओंजळ पुढं केली. बोटांना अजून शाई होती.

"शंकरप्पा," बोळात सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं ते म्हणाले, "चालतं. घाला."